पदे आली, पदे गेली : अल्लामा इब्ने खल्दून यांचे जीवन

वाचकहो, आपल्या कुटुंबात किंवा मोहल्ल्यात असा एखादा वडीलधारा गृहस्थ असतोच, ज्याने आयुष्यभर अनेक कामे केली. काही वर्षे कुणाच्या पेढीवर हिशेब लिहिला, काही वर्षे परदेशात घालविली, परतल्यावर छोटा व्यापार केला, तो बुडाला तेव्हा शिकवण्या घेतल्या. उतारवयात तो मागे वळून पाहतो तेव्हा एकाच कचेरीत तीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या शेजाऱ्याशी स्वतःची तुलना करू लागतो. आपल्या हाती काय लागले, हा प्रश्न त्याला रात्री झोपू देत नाही. त्याची मुलेही कधीकधी नकळत हाच प्रश्न त्याला विचारून बसतात.

हा प्रश्न मनात ठेवून आज आपण एका थोर विद्वानाचे जीवन पाहणार आहोत. त्यांचे नाव अब्दुर्रहमान इब्ने खल्दून (रह.). जगातील इतिहासकार आणि समाजशास्त्रज्ञ त्यांचे नाव आदराने घेतात, त्यांचा ‘मुकद्दमा’ हा ग्रंथ अनेक भाषांत वाचला जातो. परंतु हा ग्रंथ लिहिणारा मनुष्य कोणत्याही एका जागी स्थिर बसलेला विद्वान नव्हता. चिटणीस, कैदी, राजदूत, हाजिब, करवसुली करणारा अधिकारी, टोळ्यांशी बोलणी करणारा मध्यस्थ, मदरशाचा शिक्षक, खानकाहचा प्रमुख आणि काझी, इतक्या भूमिका त्यांनी पार पाडल्या. वृद्धापकाळी त्यांनी स्वतःच या साऱ्याचा वृत्तांत लिहून ठेवला, म्हणूनच तो आपल्याला इतक्या तपशिलाने ठाऊक आहे.

अनाथ तरुण आणि पहिली नोकरी

इब्ने खल्दून यांचा जन्म १ रमजान हिजरी ७३२, म्हणजे २७ मे १३३२ रोजी ट्युनिस येथे झाला. त्यांचे पूर्वज मूळचे यमनमधील हजरमौतचे. पुढे हे घराणे अंदलुसमधील इश्बीलिया, म्हणजे आजच्या सेव्हिल शहरी नावारूपास आले. १२४८ साली ते शहर ख्रिस्ती राजाच्या ताब्यात गेले. त्यापूर्वीच हे कुटुंब समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत आले होते. त्यांचे वडील राजकारणापासून दूर राहून विद्याव्यासंगात रमलेले होते. मुलाने कुरआन मुखोद्गत केले, हदीस, फिकह आणि अरबी साहित्याचे शिक्षण घेतले आणि अल्-आबिली या थोर गुरूंकडून तर्कशास्त्र व तत्त्वविद्येचे धडे घेतले.

१३४८-४९ मध्ये प्लेगची भयंकर साथ आली. त्या वेळी इब्ने खल्दून अवघे सतरा वर्षांचे होते. आई गेली, वडील गेले, अनेक गुरुजन गेले. ज्या घरात संध्याकाळी विद्वानांच्या बैठका होत, ते घर ओस पडले. वाचकहो, पुढे या मनुष्याने नगरांच्या आणि राज्यांच्या उदयास्ताचा विचार केला, तो केवळ पुस्तके वाचून नव्हे. वस्ती म्हणजे काय आणि ती उजाड होणे म्हणजे काय, हे त्याने मिसरूड फुटण्याच्या वयात पाहिले होते.

विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना ट्युनिसच्या सुलतानाकडे पहिली नोकरी मिळाली. ही नोकरी मोठी विलक्षण होती. शाही फर्मानावर वर बिस्मिल्लाह असे आणि खाली हुकुमाचा मजकूर असे. या दोहोंच्या मधल्या जागेत अल्लाहची स्तुती आणि कृतज्ञता व्यक्त करणारे शब्द जाड लेखणीने, सुबक अक्षरात लिहायचे, एवढेच त्यांचे काम. मजकूर दुसऱ्याचा, निर्णय तिसऱ्याचा. मधली स्तुतीची ओळ मात्र यांची. या तरुणाचे मन त्यात रमले नाही. संधी मिळताच ते पश्चिमेकडे निघाले. हे पहिले काम मात्र लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याकडे परत येणार आहोत.

दरबार, तुरुंग आणि शत्रूचे आमंत्रण

१३५४ साली ते मोरोक्कोतील फेज शहरी सुलतान अबू इनान यांच्या दरबारी गेले. तेथे विद्वानांच्या बैठकीत स्थान मिळाले, चिटणिशीचे कामही मिळाले. त्यांच्या मताने हे पद त्यांच्या घराण्याच्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते. मोठे काही करण्याची उमेद त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. बिजायाचा पदच्युत अमीर अबू अब्दुल्लाह तेथे नजरकैदेत होता. त्याच्याशी त्यांचे संबंध वाढले आणि सुलतानाला कटाचा संशय आला. १३५७ साली त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. जवळपास दोन वर्षे ते बंदिवासात होते. १३५८ च्या अखेरीस सुलतानाचे निधन झाले तेव्हाच त्यांची सुटका झाली.

पुढचा सुलतान अबू सालिम यांनी त्यांना आपले चिटणीस नेमले आणि नंतर जनतेच्या तक्रारींचा निवाडा करण्याचे कामही सोपविले. न्यायदानाशी त्यांचा पहिला संबंध येथे आला. पण हा सुलतानही १३६१ साली मारला गेला आणि फेजमधील त्यांचे दिवस संपले.

मग ते समुद्र ओलांडून ग्रॅनाडा येथे गेले. तेथील सुलतान मुहम्मद पंचम आणि त्यांचे वजीर, नामवंत साहित्यिक लिसानुद्दीन इब्नुल खतीब, हे दोघे पूर्वी निर्वासित म्हणून फेजमध्ये राहिले होते. त्या अडचणीच्या दिवसांत इब्ने खल्दून यांनी त्यांना साहाय्य केले होते. ते उपकार न विसरता ग्रॅनाडाने त्यांचे मोठ्या सन्मानाने स्वागत केले. १३६४ साली सुलतानाने त्यांना आपले राजदूत म्हणून कॅस्टिलचा राजा पेद्रो याच्याकडे पाठविले. भेटीचे ठिकाण होते सेव्हिल, म्हणजे त्यांच्या पूर्वजांचे शहर. वाडवडिलांच्या खुणा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. राजाने त्यांना आपल्या पदरी राहण्याचा आग्रह केला आणि राहिल्यास घराण्याची जुनी मालमत्ता परत देण्याचे आश्वासन दिले. इब्ने खल्दून यांनी नम्रपणे नकार दिला, सोपविलेले काम पूर्ण केले आणि ते परतले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. पद मिळविण्यासाठी धडपडणारा हा मनुष्य अद्याप पस्तिशीलाही पोहोचलेला नव्हता. वडिलार्जित संपत्ती समोर वाढून ठेवलेली होती. तरीही ज्याचे मीठ खाल्ले त्याचा निरोप पोहोचवून, त्याचे उत्तर घेऊन परत जाणे हेच दूताचे कर्तव्य असते. अमानत म्हणजे केवळ ठेवायला दिलेले पैसे नव्हेत. ज्या कामासाठी आपल्याला पाठविले, ते कामही अमानतच असते.

हाजिबाचे पद आणि पडझड

ग्रॅनाडातही वजिराशी असलेल्या स्नेहात अंतर पडू लागले, तेव्हा मैत्री पूर्ण तुटण्याआधीच त्यांनी निरोप घेतला. १३६५ साली तो जुना मित्र अबू अब्दुल्लाह याने बिजायाचे राज्य परत मिळविले होते. त्याने इब्ने खल्दून यांना हाजिब केले. राज्याचा सारा कारभार ज्याच्या हातून चालतो, असे हे पद. दिवसाचे राज्यकारभाराचे काम आटोपले की ते मशिदीत विद्यार्थ्यांना शिकवीत. डोंगराळ भागातील बर्बर टोळ्या कर देण्यास नकार देत, तेव्हा ते स्वतः तेथे जाऊन वसुली करून आणीत.

परंतु एका वर्षातच अमीराच्या चुलतभावाने, कुसंतीनाच्या अबुल अब्बासने, चाल केली आणि अबू अब्दुल्लाह लढाईत मारला गेला. काही लोकांनी मृत अमीराच्या लहान मुलाला गादीवर बसवून कारभार आपल्या हाती घ्या, असे इब्ने खल्दून यांना सुचविले. त्यांनी ते मानले नाही आणि शहर विजेत्याच्या स्वाधीन केले. पुढे त्याच्याशीही बिनसले आणि ते बिस्क्रा येथे निघून गेले.

यानंतरची नऊ-दहा वर्षे ते वाळवंटातील अरब टोळ्यांमध्ये वावरले. कधी तिलिमसानच्या सुलतानासाठी, कधी फेजच्या सुलतानासाठी टोळ्यांचे पाठबळ जमविण्याचे काम त्यांनी केले. मधल्या काळात कधी सूफी संत अबू मदयन यांच्या कबरीजवळच्या आश्रयस्थानी जाऊन राहिले, पण राजकारण त्यांना तेथूनही ओढून आणी.

त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या काहींनी या काळावरून त्यांच्यावर कठोर टीका केली आहे. आज या सुलतानाचे, उद्या त्याच्या शत्रूचे, असे त्यांचे वर्तन होते, हे नाकारता येत नाही. आपणही त्यावर पांघरूण घालू नये. थोरांचे जीवन आपण वाचतो ते त्यांच्या चुका झाकण्यासाठी नव्हे. त्यांतून सावध होण्यासाठी आणि त्यांच्या सत्कर्मांतून शिकण्यासाठी. महत्त्वाकांक्षेने त्यांना काय दिले, ते पाहा. तुरुंग मिळाला, वारंवार घर मोडले, मुलाबाळांची ताटातूट झाली. १३७४ साली त्यांचे मित्र इब्नुल खतीब यांना फेजच्या तुरुंगात गळा दाबून ठार मारण्यात आले. इब्ने खल्दून यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली, ती व्यर्थ गेली. आपल्यासारखाच विद्वान, आपल्यासारखाच दरबारी, आणि त्याचा असा अंत! या मार्गाचे दुसरे टोक कोठे जाते, हे त्यांना स्पष्ट दिसले असले पाहिजे.

किल्ल्यातील चार वर्षे

तिलिमसानच्या सुलतानाने पुन्हा एकदा टोळ्यांकडे कामगिरीवर पाठविले तेव्हा इब्ने खल्दून यांनी होकार दिला, घोड्यावर स्वार झाले आणि वाटेत दिशा बदलली. औलाद आरिफ या टोळीने त्यांना आश्रय दिला आणि त्यांच्या कुटुंबालाही बोलावून आणले. १३७५ साली आजच्या अल्जीरियातील कल्अत इब्ने सलामा या एकाकी किल्ल्यात ते राहावयास गेले. वय त्रेचाळीसच्या आसपास. हाती पद नाही, दरबार नाही, पुरेसे ग्रंथही नाहीत. जवळ होता तो वीस-बावीस वर्षांच्या नाना कामांचा अनुभव.

आणि याच ठिकाणी, १३७७ साली, अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी ‘मुकद्दमा’ लिहून पूर्ण केला. ‘किताबुल इबर’ या त्यांच्या विशाल इतिहासग्रंथाची ही प्रस्तावना. इतिहासातील वार्ता ऐकली म्हणून खरी मानू नये, माणसांचा समाज ज्या नियमांनी चालतो त्यांच्या कसोटीवर ती घासून पाहावी, हा विचार त्यांनी मांडला. जुन्या ग्रंथांत सैन्याची संख्या सहा लाख दिलेली असते. इब्ने खल्दून विचारतात की एवढे सैन्य त्या मुलुखात मावेल कसे आणि एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाला कळेल कसे?

वाचकहो, आता त्यांची कामे आणि त्यांचे विचार शेजारी शेजारी ठेवून पाहा. ज्याने टोळ्यांकडून कर वसूल केला, त्यानेच लिहिले की राज्याच्या प्रारंभी कर हलके असतात तरी खजिना भरतो आणि अखेरीस कर जड होतात तरी खजिना रिता राहतो. जो वाळवंटी टोळ्यांमध्ये राहिला, त्यानेच असबिय्या, म्हणजे समूहाला बांधून ठेवणारी आपुलकी, ही राज्याच्या शक्तीचे मूळ असल्याचे सांगितले. ज्याने एकामागून एक सुलतान कोसळताना पाहिले, त्यानेच राजघराण्याचे आयुष्य साधारणतः तीन पिढ्यांचे असल्याचा सिद्धान्त मांडला. जुलूम हा वस्तीच्या विनाशाचे कारण ठरतो आणि माणसाकडून मोबदल्याविना सक्तीने श्रम करून घेणे हा सर्वांत मोठ्या जुलमांपैकी एक आहे, हे त्यांनी ठामपणे नोंदविले, कारण मनुष्याची कमाई म्हणजे त्याच्या श्रमाचेच मूल्य होय, असे त्यांचे मत होते. लहान मुलांना कठोर शिक्षा केल्याने ती खोटेपणा शिकतात, हेही त्यांनी लिहिले. ते स्वतः शिक्षकही राहिले होते.

याच ग्रंथात एक गमतीचा विचार आहे. ज्याच्या अंगी एका हुन्नराचा मलका, म्हणजे मुरलेले कौशल्य, पक्का झाला, त्याला दुसऱ्या हुन्नरात तितकेच प्रावीण्य क्वचितच मिळते, असे ते म्हणतात. उत्तम शिंपी झालेला मनुष्य मागाहून उत्तम सुतार होत नाही. इतकी पदे बदललेल्या माणसाने हे लिहावे, याचे नवल वाटते. पण नीट विचार केला तर उलगडा होतो. त्यांची पदे बदलली, हुन्नर बदलला नाही. पाहणे, पारखणे, कारण शोधणे आणि शिकविणे, हे एकच काम ते प्रत्येक ठिकाणी करीत राहिले. चिटणिशी, वकिली, वसुली ही त्या एका हुन्नराची निरनिराळी दुकाने होती.

कैरोचे काझी

पुढे दुखण्याने त्यांना गाठले आणि ग्रंथालयांची उणीवही भासू लागली. त्यांनी ट्युनिसच्या सुलतानाकडे परतण्याची अनुमती मागितली. हा सुलतान म्हणजे तोच अबुल अब्बास, ज्याच्यापासून ते एकेकाळी दूर गेले होते. त्याने उदारपणे क्षमा केली आणि सुमारे सव्वीस वर्षांनी ते जन्मगावी परतले. तेथेही मत्सर वाट्याला आला. १३८२ साली हजचे निमित्त सांगून ते जहाजात बसले आणि इजिप्तला पोहोचले.

कैरोत त्यांनी अल्-अजहर येथे शिकविले. १३८४ साली सुलतान बरकूक यांनी त्यांना मालिकी पंथाचे मुख्य काझी नेमले. आता त्यांनी कुणाची भीड धरली नाही. खोट्या साक्षीदारांना शिक्षा केल्या, मोठ्यांच्या शिफारशी फेटाळल्या, पात्रता नसता फतवे देणाऱ्यांना आवर घातला. साहजिकच विरोधक वाढले आणि तक्रारींचा पाऊस पडू लागला. त्याच काळात त्यांच्यावर आयुष्यातील सर्वांत मोठा आघात झाला. ट्युनिसहून त्यांचे कुटुंब घेऊन निघालेले जहाज अलेक्झांड्रियाजवळ वादळात बुडाले. पत्नी गेली, लेकरे गेली, साठविलेली संपत्ती गेली. सतराव्या वर्षी साथीने पोरके केलेला मनुष्य बावन्नाव्या वर्षी पुन्हा एकटा पडला.

१३८५ मध्ये काझीपदही गेले. त्यांनी अध्यापन आणि उपासनेत मन गुंतविले. १३८७ साली हजचे कर्तव्य पार पाडले. परतल्यावर इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’ या हदीससंग्रहाचे अध्यापन केले, एका मोठ्या खानकाहचे प्रमुखपदही सांभाळले. बरकूकविरुद्ध बंड झाले तेव्हा इतर विद्वानांबरोबर दबावाखाली त्यांनाही एका फतव्यावर सही करावी लागली आणि बरकूक परत येताच ते प्रमुखपद गेले. पहिल्यांदा पद गेल्यावर चौदा वर्षांनी, १३९९ मध्ये, ते पुन्हा काझी झाले. एकूण सहा वेळा त्यांना हे पद मिळाले. इजिप्तमध्ये राहूनही त्यांनी आपला मगरिबी पेहराव सोडला नाही.

१४०१ च्या जानेवारीत, हिजरी गणनेने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांना एक अखेरची अवघड कामगिरी करावी लागली. तैमूरने दमास्कसला वेढा दिला होता आणि इजिप्तचा सुलतान सैन्यासह माघारी गेला होता. इब्ने खल्दून यांना दोरांच्या साहाय्याने तटावरून खाली उतरविण्यात आले आणि ते तैमूरच्या छावणीत गेले. अनेक दिवस त्यांच्या भेटी होत राहिल्या. तैमूरच्या सांगण्यावरून त्यांनी मगरिबच्या प्रदेशाचे वर्णन लिहून दिले. शहरात मागे राहिलेल्या इजिप्तच्या कारकून-अधिकाऱ्यांसाठी त्यांनी अभय मागून घेतले. दमास्कस शहर मात्र लुटीतून आणि आगीतून वाचले नाही. परतीच्या वाटेवर लुटारूंनी त्यांनाही लुटले. नंतर तैमूरने त्यांच्याकडून घेतलेल्या खेचराची किंमत दूताबरोबर पाठविली, तेव्हा इजिप्तच्या सुलतानाची अनुमती घेतल्यावाचून त्यांनी त्या रकमेला हात लावला नाही. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी दरबारी संशयाने तुरुंगात गेलेला मनुष्य आता प्रत्येक पाऊल उजेडात टाकीत होता.

हिजरी ८०८ च्या रमजान महिन्यात, मार्च १४०६ मध्ये, काझीपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. ज्या पवित्र महिन्यात ते जगात आले, त्याच महिन्यात शहात्तर हिजरी वर्षांनी ते गेले. कैरोच्या बाबुन्नस्र वेशीबाहेर सूफींच्या कब्रस्तानात त्यांचे दफन झाले.

आपल्यासाठी बोध

वाचकहो, आता आरंभीच्या प्रश्नाकडे या. ज्यांची मर्जी राखण्यासाठी इब्ने खल्दून यांनी तारुण्य खर्च केले, त्या सुलतानांची नावे आज आपल्याला त्यांच्याच लेखणीमुळे कळतात. हाजिबाचे पद एका वर्षात गेले. काझीपद पाच वेळा येऊन गेले, सहाव्यांदा मृत्यूने नेले. टिकले ते ज्ञान, ज्यापासून सहा शतकांनंतरही लोक लाभ घेत आहेत. आणि ते ज्ञान त्या बदलत्या कामांच्या धुळीतूनच वर आले.

म्हणून ज्याने पोटासाठी अनेक व्यवसाय केले, त्याने खंत करू नये. हलाल रोजीसाठी बदललेले काम हा कमीपणा नव्हे. आखिरतमध्ये किती वर्षे कोणत्या खुर्चीवर बसलात याची विचारणा होणार नाही. कमाई कोठून आली आणि सोपविलेली अमानत कशी सांभाळली, याचा हिशेब द्यावा लागेल. तरुणांनी हेही ध्यानात घ्यावे की केवळ पदाच्या हव्यासाने काम बदलणे आणि गरजेने किंवा न्यायासाठी बदलणे, यांत फार अंतर आहे. इब्ने खल्दून यांच्या जीवनात दोन्ही आहे, आणि दोहोंची फळेही आहेत. घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा, त्यांनी कोठे कोठे काय काय केले ते विचारा. जे ज्ञान त्यांनी कागदावर उतरविले नाही, ते तुम्ही उतरवा.

आणि शेवटी ती पहिली नोकरी आठवा. वर बिस्मिल्लाह, खाली हुकूम आणि मध्ये अल्लाहची स्तुती व कृतज्ञता लिहिणारा तो तरुण. आपल्या प्रत्येक दिवसाचा कागद असाच आहे. आपण कामाचा आरंभ अल्लाहच्या नावाने करतो. खालचा मजकूर नेहमीच आपल्या मनासारखा नसतो. तो कधी मालक लिहितो, कधी परिस्थिती. मधली ओळ मात्र आपल्या हातची असते. ती सुबक अक्षरात लिहिण्याची सुबुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो, आपल्या रोजीत बरकत देवो आणि अल्लामा इब्ने खल्दून यांच्यावर आपल्या कृपेचा वर्षाव करो. आमीन.